‘टोन अँपमध्ये असतो, हातात नाही’ हे म्हणणं कुठे चुकतं

सांगली-मिरजेत गिटार वाजवणाऱ्या पोरांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इलेक्ट्रिक गिटारचा आवाज पिकअप (तारांखाली बसवलेलं चुंबकी यंत्र) आणि अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) तयार करतात, उजवा हात नुसती तार छेडतो. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, कुठलंही चालतं. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, चढवलं की सगळ्यांचे हात सारखेच. तेव्हा चांगला प्रोसेसर (आवाज हवा तसा बदलणारी पेटी) घ्या, टोन, म्हणजे आवाजाचा रंग, आपोआप येईल.

मी विश्रामबागेत गिटार शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने हे वाचून हप्त्यांवर प्रोसेसर घेतला, आणि आवाज पूर्वीसारखाच कोरडा आला म्हणून रडवेला होऊन माझ्याकडे आला. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, पिकअप आवाज तयार करत नाही. तो तारेचं हलणं विजेत बदलतो. तार कशी हलणार, हे ती कुठे छेडली यावर ठरतं. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार मिरजेत कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तार हलते तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनांचे उपस्वरही उठतात; मूळ स्वर पहिला धरला, तर हा गंधार तारेचा पाचवा उपस्वर. गिटारच्या तारेतही असे उपस्वर असतात, आणि ज्या जागी एखाद्या उपस्वराचं हलणं शून्य असतं तिथेच तार छेडली तर तो उठत नाही. स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची मोकळी तार २५.५ इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर. ब्रिजपासून (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथपासून) १३ सेंटिमीटरवर, म्हणजे लांबीच्या पाचव्या हिश्श्यावर छेडली की हा गंधार जवळजवळ नाहीसा होतो. बरोबर बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या बाराव्या पट्टीवर, म्हणजे मोकळ्या तारेच्या मध्यावर) छेडा, दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम उपस्वर गळतात आणि आवाज पोकळ, गोल येतो. ब्रिजला खेटून छेडा, वरचे उपस्वर उसळतात, आवाजाला धार येते. एवढ्यात एकही नॉब हललेला नसतो. ट्रेबलचा, म्हणजे वरच्या स्वरांचा, नॉब तारेत आहे ते वाढवेल. जो उपस्वर उठलाच नाही तो कुठून आणणार?

पिकअपच्या जागेलाही हाच नियम लागतो. म्हणून नेकचा (दांड्याकडचा) आणि ब्रिजचा पिकअप वेगळे वाजतात. पिकअपची जागा महत्त्वाची मानायची आणि छेडण्याची जागा नाही, हे कसं चालेल? आणखी एक: डाव्या हाताने स्वर दाबला की वाजणारी तार आखूड होते आणि हे सगळे बिंदू ब्रिजकडे सरकतात. वरच्या फ्रेटवरही तोच रंग ठेवायचा, तर उजवा हातही सरकवावा लागतो. हे काम कुठलाही प्रोसेसर करत नाही.

पिकबद्दल फार लिहायला नको. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावात सतारीला नखी कसलीही चालते असं कुणी म्हणून बघावं. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पिक वाकतं आणि त्याचा स्वतःचा टक् असा आवाज मिसळतो. दीड मिलिमीटरचं वाकत नाही. तेच पिक तिरपं धरलं की जाड, गुंडाळलेल्या तारांवर खरखर येते. बोटाचं मऊ टोक वरचे उपस्वर कमी उठू देतं. नामवंत गिटारवादकांपैकी वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवत, जेफ बेक यांनी पुढे पिक सोडलं, ब्रायन मे सहा पेन्सचं नाणं वापरतात. हे शौक नव्हेत, प्रत्येकाने आपल्या आवाजासाठी केलेली निवड आहे.

डिस्टॉर्शनबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) वाढला की हळू आणि जोरात यातला फरक आकसतो. पण छेडण्याची जागा, पिकचा कोन यांचा फरक पुरता पुसला जात नाही, आणि बाकीच्या चुका उलट मोठ्या होतात. पाम म्यूट करताना, म्हणजे तळहाताने तारा किंचित दाबून वाजवताना, तळहाताची कड ब्रिजवरून थोडी पुढे सरकली तरी ठसक्याचा नुसता धप्प होतो. न वाजवलेल्या तारा दाबून धरल्या नाहीत तर त्याही गुरगुरतात. किंचाळणारा पिंच हार्मोनिक तर पिकमागोमाग अंगठ्याची कड तारेला निसटती लागते तेव्हाच निघतो. गेन त्याला फक्त मोठा करतो.

अँप आणि स्पीकर आवाज खूप बदलतात, हे मला पूर्ण मान्य आहे. स्वच्छ ठेवलेल्या अँपमधून नुसत्या हाताने गर्जना निघणार नाही. पण प्रीसेट (प्रोसेसरमध्ये आधीच जुळवून ठेवलेला आवाज) बनवणाऱ्याने तो स्वतःच्या हाताने वाजवून जमवलेला असतो, आणि तो हात प्रीसेटबरोबर येत नाही.

त्या विद्यार्थ्याचा हात ब्रिजला चिकटलेला होता आणि तो भरदार आवाजासाठी जीव खाऊन मारत होता. इतकं जोरात मारलं की तारेचा ताण क्षणभर वाढतो आणि स्वर सुरुवातीला चढा लागतो. मी त्याचा हात चार बोटं नेककडे सरकवला, पिक थोडं तिरपं करायला लावलं, मार निम्म्यावर आणला. प्रीसेटला हात लावला नाही. दहा मिनिटं तो तेच चार बार वाजवत राहिला, मग थांबून म्हणाला, “सर, आता ट्रेबल थोडा वाढवायला लागतोय.”