मायब्रिजचा घोडा आणि पुरावा नसलेली पैज

छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजच्या धावत्या घोड्याच्या छायाचित्रांसोबत एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. कॅलिफोर्नियाचे माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड यांनी धावताना घोड्याचे चारही पाय क्षणभर अधांतरी असतात यावर 25,000 डॉलरची पैज लावली, ती जिंकण्यासाठी मायब्रिजने 1878 मध्ये जिवंत प्राण्याचे पहिले छायाचित्र घेतले आणि तोच जगातला पहिला चित्रपट ठरला, असे त्यात म्हटलेले असते. खरी हकीकत यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, म्हणून ही दुरुस्ती मला आवश्यक वाटते.

अशी पैज लागल्याचा त्या काळातला कोणताही विश्वसनीय पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. स्टॅनफर्ड यांना पैजेची गरजही नव्हती. पालो आल्टो येथे ते शर्यतीचे घोडे पैदा करत आणि तयार करत, त्यामुळे कोणते पाऊल केव्हा उचलते हा त्यांच्या रोजच्या कामाचा प्रश्न होता. शिवाय मूळ वाद चौखूर धावेचा नसून दुडक्या चालीचा, म्हणजे त्याहून संथ धावेचा होता. फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी घोड्याच्या खुरांखाली हवेचे रबरी फुगे बसवले, त्यांतला दाब नळ्यांवाटे स्वाराच्या हातातल्या नोंदयंत्रापर्यंत नेला आणि दुडक्या चालीतही घोडा काही क्षण जमिनीपासून सुटलेला असतो हे 1873 मध्येच प्रसिद्ध केले होते.

जिवंत प्राण्याचे पहिले छायाचित्र हा दावा तर साफ चुकीचा आहे. 1852 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काउंट मोंतिझोन यांनी ओबेश या पाणघोड्याचे छायाचित्र घेतले होते, आणि तो आडवा पहुडलेला असल्यामुळे त्या काळच्या संथ रसायनांनाही ते साधले. 1860 च्या दशकात फ्रँक हेस यांनी तिथेच क्वागा या झेब्र्याच्या प्रकाराची मादी टिपली. पुढे नामशेष झालेल्या या प्राण्याची जिवंतपणीची जी मोजकी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत, ती सगळी याच एका मादीची आहेत. वेल्समध्ये जॉन डिल्विन लुएलिन यांनी पेंढा भरलेले प्राणी रानात मांडून छायाचित्रे घेतली हे खरे, पण त्यावरून सगळेच छायाचित्रकार तसे करत होते असे म्हणता येत नाही.

मग जून 1878 मध्ये नवे काय घडले? धावपट्टीलगत ओळीने बारा कॅमेरे मांडले गेले, समोर पांढरी पार्श्वभूमी उभारली गेली आणि घोडी धावताना आडव्या ताणलेल्या दोऱ्यांना धडकली की एकामागून एक शटर उघडत गेले. छायाचित्रासोबतच्या छापील नोंदीनुसार प्रत्येक काचेला सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ प्रकाश मिळाला, आणि हे ओल्या कोलोडियनच्या, म्हणजे प्रकाशसंवेदी रसायनाचा ओला लेप दिलेल्या काचांवर साधले, याचे मला आजही फार कौतुक वाटते. त्यातून दिसले ते चित्रकारांच्या पिढ्यानपिढ्यांच्या समजुतीच्या उलट होते. चौखूर धावणाऱ्या घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले असताना तो अधांतरी नसतो, चारही खूर पोटाखाली गोळा होतात तेव्हा तो जमिनीपासून सुटतो.

राहिला चित्रपट. बारा स्वतंत्र कॅमेऱ्यांनी प्रत्येकी एक चित्र घेतले होते, तेव्हा फिल्मची पट्टी नव्हती. आज फिरणारी हलती चित्रफीत ही स्थिरचित्रे नंतर जोडून केलेली आहे. मायब्रिजने 1879 मध्ये झूप्रॅक्सिस्कोप हे प्रक्षेपणयंत्र बनवले खरे, परंतु त्याच्या काचेच्या तबकड्यांवर छायाचित्रांवरून हाताने रंगवलेल्या आकृत्या होत्या, आणि पडद्यावर घोडे आखूड दिसू नयेत म्हणून त्या मुद्दाम लांबट काढलेल्या असत.