वेलांटी आधी

आमच्या सोसायटीच्या फलकावर रविवारपासून वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लागली आहे. निळ्या शाईत, हाताने लिहिलेली. खाली कंसात: 'टंकलेखनास विलंब होत असल्याने हस्तलिखित.' हा विलंब म्हणजे मी.

मी हळू टाइप करत नाही हो! माझं लिबरऑफिस, म्हणजे टाइप करायचं ते फुकटचं सॉफ्टवेअर, हळू चालत होतं. त्यात लिबरऑफिसचाही दोष नाही, कारण ते मी घरी कंपाईल केलं होतं, म्हणजे मूळ कोडपासून स्वतः बनवलं होतं. तयार पॅकेज दोन मिनिटांत मिळतं हे मला कळतं; पण तयार चकल्याही मिळतातच की. सोर्स कोड उतरवला, रात्रभर लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला. सकाळी 'क' दाबला. क आला. यथावकाश.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी काका मजकूर घेऊन हजर. काका कोषागारातून निवृत्त; टायपिंगची मराठी 30 आणि इंग्रजी 40 (मिनिटाला शब्द) दोन्ही परीक्षा पास. सभा 30 सप्टेंबरच्या आत आणि नोटीस 14 दिवस आधी, म्हणून घाई. खुर्ची ओढून ते माझ्या खांद्यापाशी बसले आणि सांगू लागले, "सर्व सभासदांना कळविण्यात येते की..."

माझं वाक्य टाइप करून झालं तेव्हा पडद्यावर 'सर्व सभा' एवढंच होतं.

"पुढचं?"

"येतंय काका. मागून येतंय."

"मागून म्हणजे कुठून?"

यावर काय बोलणार? काका आता पडदा सोडून माझी बोटं बघू लागले. "थांब. कळविण्यातली वेलांटी कधी मारलीस?"

"व नंतर."

"तिथेच घोळ आहे. मशीनवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. तू आधी व मारतोस. मग त्या बिचाऱ्याला मागे जाऊन ती व च्या अलीकडे बसवावी लागते. वेळ लागणारच."

संताप याचा, की हे अर्धं खरं आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, व आधी आणि वेलांटी नंतरच साठवतात. मग हार्फबझ नावाची लायब्ररी ती उचलून अलीकडे मांडते. पण ते काम डोळ्याला कळायच्या आत होतं. मी हे सगळं समजावलं. माझीच चूक.

"म्हणजे मागे जावं लागतं ना?"

"हो, पण..."

"झालं तर."

मी मुद्दाम बिनवेलांटीचं टाइप केलं: 'सदर सभेस सर्व सभासद'. तेही रेंगाळलं. काका शांतपणे म्हणाले, "आधीच्या वेलांट्या तुंबल्यात."

मग मी स्पेलचेक बंद केलं, ऑटोसेव्ह बंद केलं, फॉन्ट बदलला, सेफ मोड करून पाहिला. दर पायरीला काका "झालं?" विचारत. बॅकस्पेस पाच वेळा दाबला, काही हलेना, म्हणून आणखी दहा वेळा दाबला. मग एकदम पंधराही लागू झाले आणि अध्यक्षांचं अख्खं नाव गेलं. "त्यांना कळवू नकोस," म्हणून काका दुसरा चहा संपवून निघाले. माझ्या घरी संगणकाचं काम म्हटलं की लोक घड्याळ बघत बसतात. काकांच्या पाणीपट्टीच्या हिशोबाला आठ महिने लागले तेव्हा कोणी खुर्ची ओढून बसलं नव्हतं.

रात्री साडेअकराला ऑटोजेन डॉट इनपुट ही कंपाईलच्या पर्यायांची फाइल उघडली. आत माझ्याच हातची ओळ: एनेबल डीबीजीयूटिल. नव्या डेव्हलपरांसाठीच्या सूचनांतून डोळे मिटून चिकटवलेली. बग शोधणाऱ्यांसाठी ती उत्तम. तिने कंपायलरचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणं, बंद होतं आणि आत जागोजागी तपासण्या सुरू होतात. थोडक्यात, माझं प्रत्येक अक्षर कोषागारातून मंजूर होऊन येत होतं. अशा वेळी नेमके काका समोर नसतात.

ओळ काढली, मेक क्लीन करून आधीचं कंपाईल पुसलं, पुन्हा रात्रभर गिरणी. सकाळी अक्षरं बोटाखालून सांडायला लागली. लॅपटॉप तसाच उघडा घेऊन काकांच्या दारात गेलो आणि उभ्याउभ्या टाइप केलं: विनंती, विशेष, निधी, मिळकत.

काकांनी चष्मा वर केला. "बघ. आधी मारलीस ना वेलांटी?"

"शिकला हो पटकन," काकू आतून म्हणाल्या.

मी म्हटलं, काका, निदान तो कंस तरी खोडा. तर म्हणाले, नोटिशीत खाडाखोड चालत नाही.