४८च्या पुढचा पोरगा

सुहास मेरीलँडहून आलाय म्हणून रविवारी फडके रोडच्या कट्ट्यावर सगळे हजर. सोबत त्याचा बारावीतला मुलगा, हातात लॅक्रॉसची काठी. टोकाला जाळी, जाळीला खोलगट खिसा, तो पोराने स्वतःच विणलेला. जड रबरी चेंडू त्यात घालून तो मनगटाने झुलवत राहिला, चेंडू काही केल्या पडेना. २०२३ साली मुंबईतल्या बैठकीत क्रिकेटबरोबर लॅक्रॉसही लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी मंजूर झाला, एवढीच आमची या खेळाशी ओळख.

"एवढा हात बसलाय म्हणजे स्कॉलरशिप पक्की," पक्या म्हणाला आणि वाद पेटला.

सुहासने हिशेब मांडला. अमेरिकेत पहिल्या डिव्हिजनच्या, म्हणजे खेळातल्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजला मुलांच्या लॅक्रॉससाठी कित्येक वर्षं जास्तीत जास्त १२.६ स्कॉलरशिप देता यायच्या, त्याही तुकडे करून. ४८ जणांत वाटल्या तर वाट्याला जेमतेम पाव. बाकीची फी घरच्यांनी भरायची. मग कॉलेजच्या खेळाडूंनी पैशांसाठी 'हाउस' नावाचा खटला लढवला; जून २०२५मध्ये त्यातली तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि ही मर्यादा उठली. पण तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता संघाचा आकडाच ठरवून दिलाय : मुलांचे ४८, मुलींच्या ३८.

"मग चांगलंच झालं की. सगळ्या ४८ जणांना पूर्ण स्कॉलरशिप!" नित्या म्हणाला.

"कागदावर. पैसा कुठून आणायचा?" सुहास म्हणाला. त्याच तडजोडीने कॉलेजांना पहिल्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची मुभा दिली. कमावतात अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल, त्यामुळे ओघही तिकडेच. लॅक्रॉस बहुतेक ठिकाणी खर्चाच्याच बाजूला.

नित्या हटेना. "मैदानात दहाच ना? ४८ काय कमी आहेत?"

इथे मला राहवलं नाही. मी शाळेत कबड्डी शिकवतो. सात खेळतात, पण सरावाला समोर तितकेच तगडे सात लागतात. लॅक्रॉसमध्येही मागच्या फळीतली पोरं आठवडाभर पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली खेळून दाखवतात, म्हणजे शनिवारी मुख्य संघ गोंधळत नाही. त्यांचं नाव धावफलकावर येत नाही. आकडा कापला की पहिली तीच जातात. चार वर्षांत त्यातलाच कोणी घडला असता, ते आता कळणारही नाही.

प्रशिक्षकांच्या बाबतीत मात्र नित्यासारखंच मीही म्हणेन, चांगलंच झालं. २०२३पर्यंत एक सहायक बिनपगारी 'स्वयंसेवक' म्हणून राबायचा. तो प्रकार बंद झाला, पगार देता येऊ लागला. माणसाच्या कष्टाचे पैसे द्यायलाच हवेत.

"पैशाशिवाय जिंकता येत नाही असं थोडंच आहे," बाळ्या म्हणाला. मोबाइलवर त्याने कॉर्नेल विद्यापीठाचा संघ काढला. मे २०२५मध्ये त्यांनी मेरीलँड विद्यापीठाला १३-१० हरवलं, १९७७नंतरचं पहिलं विजेतेपद. कॉर्नेल ज्यात आहे त्या आयव्ही लीग या जुन्या, नामांकित गटातली कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, घरची ऐपत बघून मदत करतात. त्यांनी तडजोडही नाकारली.

"कॉर्नेलचं नाव आणि कॉर्नेलची तिजोरी आहे म्हणून जमतं," सुहास म्हणाला. "बाकीच्यांनी काय करायचं?"

तोवर गप्प असलेला पोरगा बोलला. एका कोचने त्याला तोंडी होकार दिला होता. मग निरोप आला, जागा कमी झाल्यात. तो आता तिसऱ्या डिव्हिजनची कॉलेजं बघतोय.

"तिथे ही ४८ची अट नाही?" नित्याने विचारलं.

"नाही काका. आणि खेळाची स्कॉलरशिपही नाही. पण खेळायला मिळेल."