नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशावर रान उभं राहत नाही

खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावर लागवडीआधी मातीचा सामू (आम्ल-विम्लता) आणि नत्र-स्फुरद-पालाश ही मुख्य अन्नद्रव्यं तपासली की पुरे, हे अशा ढिगाऱ्यांवर झाडं लावण्याबद्दलच्या लेखातलं विधान पटलं नाही. सिंधुदुर्गातल्या रेडीसारख्या लोहखनिजाच्या पट्ट्यात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं स्फुरद घट्ट धरून ठेवतात. वरून खत घातलं तरी मुळांना थोडंच मिळतं. हा स्फुरद झाडाला मिळवून देणारी मुळांवरची उपयोगी बुरशी वरची माती खरवडली की तिच्याबरोबरच जाते. म्हणून सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत येणारा कार्बन), पाणी मुरण्याचा वेग आणि ही बुरशीसुद्धा तपासा, आणि आकडे शेजारच्या देवराईतल्या मातीशी ताडून बघा.

आमच्याकडे आकेशिया हे झपाट्याने वाढणारं परदेशी झाड लावून ढिगारा हिरवा केला, पण त्याखाली ना करवंद आली ना धायटी! ऐन, किंजळ, कुंभा ही इथली रानझाडं परत हवी असतील तर खाण सुरू होतानाच वरची माती वेगळी काढून ठेवायला हवी, तीही उंच ढीग न करता, कारण तळाशी दबलेलं बी आणि बुरशी दोन्ही मरतात.