एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी मोटारवाहनाच्या) नोंदणीविषयी खुलासा

‘एटीव्ही हे शेतीचे खेळणे, त्याला पासिंग, विमा काही लागत नाही, गावात बिनधास्त चालवा’ असा संदेश फिरत आहे. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 39 पाहिले, तर नोंदणीविना वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. आणि कलम 2(34) नुसार सार्वजनिक ठिकाण म्हणजे केवळ डांबरी रस्ता नव्हे, तर जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, म्हणजे गावची पाणंदसुद्धा. संदेशातील सवलत केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या वाहनांपुरती आहे. पहिल्या गुन्ह्याला कलम 192 नुसार 2,000 ते 5,000 रुपये दंड होतो. पहिली एटीव्ही घेणाऱ्यांनी बयाणा देण्यापूर्वी नमुना 22, म्हणजे उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र, मागावे. विक्रेत्याचे तोंडी आश्वासन आरटीओत चालत नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.