निक्की हेली, दुकानाचा गल्ला आणि आवाजी मतदान

अमेरिकेत निवडणुकीचं वारं सुटलं आणि निक्की हेलीचं नाव आलं की आपल्या ग्रुप्सवर दोनच प्रकारचे मेसेज फिरतात. एक म्हणजे "बघा आपली पोरगी कुठे पोचली", आणि दुसरा म्हणजे "धर्म बदलला, नाव बदललं, ही कसली आपली". (नावाचं म्हणाल तर निक्की हे तिचं जन्मापासूनचं मधलं नाव आहे, हेली नवऱ्याचं. पण फॉरवर्ड करणाऱ्याला कोण सांगणार.) मला या दोन्हीत काडीचा इंटरेस्ट नाही. मला इंटरेस्ट आहे तो ही रिपब्लिकन पक्षाची बाई अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्याची गव्हर्नर व्हायच्या आधी तिथल्या विधानसभेत साधी आमदार होती त्या काळात, कारण तिने केलेलं सगळ्यात कामाचं काम माझ्या मते तेव्हाचं आहे आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी थोडं घरचं. जन्म 1972, बॅमबर्ग नावाचं छोटंसं गाव, गावात हे एकच शीख कुटुंब. वडील अजितसिंग रंधावा लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकवायचे, पुढे कॅनडात पीएचडी आणि मग शेजारच्या डेन्मार्क गावातल्या वूरहीज कॉलेजमध्ये बायोलॉजीचे प्रोफेसर. आई सरकारी शाळेत शिक्षिका, आणि 1976 मध्ये तिने एक्झॉटिका इंटरनॅशनल नावाचं गिफ्टचं दुकान काढलं, नंतर त्यात कपडेही आले. निक्की बारा-तेरा वर्षांची असल्यापासून दुकानाचा हिशेब लिहायची, पुढे क्लेमसनमधून अकाउंटिंगची डिग्री.

तिचं राजकारण या गल्ल्यावरच तयार झालंय. टॅक्स कमी करा, सरकारने धंद्यात लुडबुड करू नये, खर्चाचा हिशेब द्या. आमचं स्वतःचं सांगलीत किराणा दुकान होतं, त्यामुळे इन्स्पेक्टर दारात उभा राहिला की बापाचा चेहरा कसा होतो ते मला माहितीय, आणि तिचा हा भाग मला पटतो असं नाही पण कळतो. मात्र ही गोष्ट सांगताना एक पान ती जरा घाईत उलटते असं मला वाटतं. वूरहीज हे कृष्णवर्णीयांचं कॉलेज. पगडी घातलेल्या माणसाला त्या काळच्या साउथमध्ये नोकरी दिली ती या कॉलेजने, आणि आईचा पगार सरकारी शाळेचा. म्हणजे दुकान उभं राहिलं तेव्हा घरात दोन पगार येत होते, हे "सगळं स्वतःच्या हिमतीवर" या भाषणात बसत नाही ना.

आणि अनुभव काय कमी होते का. लहानपणी गावच्या सौंदर्यस्पर्धेत दोघी बहिणींना बाद केलं, कारण तिथे एक गोरी राणी आणि एक काळी राणी निवडायची पद्धत होती आणि या दोघी कुठल्याच खान्यात बसेनात! दुसरा किस्सा तिनेच 2015 मध्ये सांगितलेला. वडिलांबरोबर फळांच्या स्टॉलवर गेली होती, वडील टोपलीत फळं भरतायत, आणि विकणाऱ्यांनी घाबरून पोलिसांना बोलावलं. दोन पोलीस येऊन उभे. वडिलांनी गल्ल्यावर पैसे दिले, विकणाऱ्यांशी हात मिळवला, थँक्यू म्हणाले आणि मुकाट गाडीत बसले. पुढे कितीतरी वर्षं त्या स्टॉलवरून जाताना तिला ते टोचायचं म्हणे. आणि हीच बाई 2020 च्या पक्षाच्या अधिवेशनात उभी राहून सांगते की अमेरिका रेसिस्ट देश नाही. आता काय बोलणार.

असो, मुद्द्यावर येतो. 2004 ला ती लेक्झिंग्टन काउंटीतून उभी राहिली ती लॅरी कून नावाच्या स्वतःच्याच पक्षाच्या आमदाराविरुद्ध, जो 1975 पासून त्या खुर्चीत बसला होता. प्रचारात तिचं माहेरचं नाव उकरून काढलं, धर्म काढला, सगळं झालं. पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात पहिल्या फेरीत ती दुसरी आली आणि रनऑफमध्ये, म्हणजे पहिल्या दोघांतल्या फेरमतदानात, त्याला पाडलं.

आत गेल्यावर तिला दिसलं की बरीचशी बिलं नुसत्या हो-नाहीच्या गलक्यात पास होतायत, कोणी काय मत दिलं त्याची कुठेच नोंद नाही. 2008 मध्ये आमदारांच्या स्वतःच्या पेन्शनचा विषय असाच आवाजी मतदानाने पुढे सरकला तेव्हा तिने बिल आणलं की प्रत्येक मत नावानिशी नोंदलं गेलं पाहिजे. आता हे ऐकून आमदार लोक टाळ्या वाजवणार थोडीच! पक्ष तिचाच, स्पीकर बॉबी हॅरेल तिच्याच पक्षाचा, आणि लेबर-कॉमर्सच्या वजनदार कमिटीतून तिचीच उचलबांगडी. ती गप्प बसली नाही, राज्यभर तोच विषय घेऊन फिरली आणि 2010 ला गव्हर्नरपदाची निवडणूक बऱ्यापैकी याच मुद्द्यावर लढली. त्याच वेळी जेक नॉट्स नावाच्या राज्यातल्या सेनेटरने (सेनेट म्हणजे तिथलं वरचं सभागृह) तिच्या घरच्या पगडीवरून जाहीर शिवी हासडली होती. 2012 मध्ये तिने पाठिंबा दिलेल्या कॅटरिना शीलीने त्या नॉट्सला घरी बसवलं, आणि तेव्हा त्या सेनेटमध्ये एकही बाई नव्हती, ती एकटी येऊन बसली. या बातमीला मी मनापासून हसलोय, खोटं कशाला बोलू.

नावानिशी मतदानाचा कायदा 2011 ला झाला, सही तिचीच. त्याच वर्षी तिने वोटर आयडीचा (मत द्यायला फोटो ओळखपत्र सक्तीचं) आणि इमिग्रेशनचा कडक कायदाही केला, जे मला अजिबात मान्य नाहीत, स्थलांतरिताच्या मुलीने ते करावेत हे तर आणखीच. झेंड्याचंही तसंच. कॉन्फेडरेट झेंडा म्हणजे गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेतल्या राज्यांचा, तो तिथल्या विधानभवनासमोर फडकत होता. 2014 च्या प्रचारात तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती, आणि 17 जून 2015 ला चार्ल्सटनच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेषी हल्ल्यात नऊ जण मारले गेले, त्यात क्लेमेंटा पिंकनी हे पाद्री जे स्वतः राज्यात सेनेटर होते, तेव्हा कुठे ती हलली. पण हलल्यावर आपल्याच पक्षाच्या लोकांना तिने सोडलं नाही. झेंडा उतरवायचं बिल विधानसभेत 94 विरुद्ध 20 ने पास, पहाटेपर्यंत वादावादी, आणि ते 20 कोण हे आजही नावं वाचून कळतं.

आता आपल्याकडे या. 12 नोव्हेंबर 2014, फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव, विरोधक मतविभागणी मागतायत आणि ठराव आवाजी मतदानाने मंजूर. कुठला आमदार कुठे होता त्याची नोंदच नाही. आणि हे एका पक्षाचं दुखणं नाही हां, गोंधळात बिलं उरकायची सवय सगळ्यांनाच आहे, सत्तेत असले की आवाज मोठा ऐकू येतो आणि विरोधात गेले की लगेच मतविभागणी आठवते. माझ्या आमदाराच्या वाढदिवसाचे फ्लेक्स मला तोंडपाठ आहेत, पण गेल्या अधिवेशनात त्याने एकेका बिलावर हात वर केला की नाही हे विचारलंत तर माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे बिलवार, नावानिशी अशी यादी असेल तर कॉमेंटमध्ये टाका, कुठल्याही पक्षाची चालेल. आणि "ती आपली आहे का नाही" वाल्यांनी कृपया आपापल्या ग्रुपवर चालू ठेवा.