अंगणातील आंब्याची छाटणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला म्हणून अंगणातील झाडांचे शेंडे उडवू नयेत, दोरावर चढून काम करणाऱ्या जाणकाराकडून मोजकी छाटणी करून घ्यावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपण कळवले आहे की हा सल्ला पैसेवाल्यांना परवडणारा आहे. पुण्यातील आपल्या घराच्या छपरावर झुकलेला जुना आंबा आपण दर काही वर्षांनी लाकूडवाल्याकडून निम्मा उतरवून घेता आणि दर वेळी तो जोमाने फुटतो. आपल्या मूळ गावी, कोकणात, तर कृषी विद्यापीठच जुन्या आंब्यांची अशी छाटणी करायला सांगते. आणि झाडापेक्षा त्या छपराखाली झोपणारी माणसे महत्त्वाची आहेत. माणसांच्या सुरक्षिततेबद्दल आपल्यात मतभेद नाही, आणि माझे पुढील सर्व म्हणणे त्याच काळजीपोटी आहे.

कोकणचा दाखला आपण योग्य दिला आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या, दाटलेल्या आंबा बागांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची शिफारस केलेली आहे, आणि ती शास्त्राला धरून आहे. परंतु त्या छाटणीचा हेतू झाडात ऊन खेळावे, फळ हाताशी यावे आणि उत्पन्न वाढावे हा असतो. शिवाय ती एका दिवसाची गोष्ट नसते. कापलेल्या भागांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावली जाते, फुटलेल्या धुमाऱ्यांची विरळणी करून मोजकेच राखले जातात, आणि खोडकिड्याने भोक पाडून भुसा बाहेर टाकला आहे का, हे बागायतदार सतत पाहत असतो. अंगणात यातले काहीच घडत नाही. लाकूडवाला टेम्पो भरून निघून जातो आणि झाड पुन्हा उंच होईपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. बागेत एखादा धुमारा मोडला तर तो गवतावर पडतो, आपल्याकडे तो छपरावर पडणार आहे.

आता जोमाने फुटण्याविषयी. बहुतेक पाने एकाच वेळी गेली की झाडाला अन्न तयार करण्याचे साधन उरत नाही, म्हणून ते खोडात आणि मुळांत साठवलेले अन्न खर्चून सालीखालचे सुप्त डोळे एकदम फोडते. आपल्याला दिसणारी हिरवी झुंबड म्हणजे त्या झाडाने साठवणीतून केलेला नाइलाजाचा खर्च असतो. हे फुटवे लाकडाच्या फक्त बाहेरच्या थरात धरलेले असतात. नैसर्गिकरीत्या वाढलेल्या फांदीच्या बुडाशी दरवर्षी फांदीचे आणि खोडाचे लाकूड एकमेकांवर चढत जाते, त्यामुळे तिची पकड खोलवर असते. फुटव्यांना ती पकड सुरुवातीला मुळीच नसते. दरम्यान ज्या जाड खुंटावर ते उगवले आहेत, तो वरून उघडा असल्यामुळे कुजू लागतो. काही वर्षांत फुटवे मनगटाएवढे, मग मांडीएवढे होतात, पानांनी जड होतात, आणि त्यांना आधार देणारा खुंट आतून पोकळ होत जातो. शेंडे उडवल्यावर पहिल्या पावसाळ्यात झाडावर वाऱ्याचा जोर कमी बसतो, हे आपले निरीक्षण खरेच आहे. मात्र त्यानंतर दरवर्षी धोका वाढत जातो, आणि तो वाढला म्हणून पुन्हा निम्मे झाड उतरवावे लागते. आपण ‘दर काही वर्षांनी’ असे लिहिले आहे, त्याचे कारण मला यातच दिसते.

अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो (1930–2006) यांनी असंख्य झाडे उभी चिरून आतली कुज कशी पसरते याचा अभ्यास केला. झाडाची जखम आपल्या त्वचेप्रमाणे भरून येत नाही. झाड जखमेभोवती लाकडातच रासायनिक अडसर उभे करून कूज कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते, हे त्यांनी 1970च्या दशकात मांडले. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेली कड असते. तिच्या लगत बाहेरून काप घेतला तर हे अडसर नीट उभे राहतात. खोडाशी सपाट कापले तर ती कडच जाते, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत वाट करून देतो. बोर्डो पेस्ट बुरशीनाशक म्हणून पृष्ठभागावर काही काळ उपयोगी पडते, पण चुकीच्या जागी घेतलेला काप तिच्यामुळे बरोबर होत नाही. डांबर किंवा रंग फासण्यानेही कूज थांबत नाही.

आपल्या आंब्यापुरते बोलायचे तर छपरावर आलेल्या फांद्या मधेच तोडण्याऐवजी आतल्या एखाद्या उपफांदीपर्यंत आखूड कराव्यात, आणि ती उपफांदी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची असावी, म्हणजे पुढची वाढ तिच्याकडे जाते आणि झुंबड फुटत नाही. वाळलेल्या आणि चिरलेल्या फांद्या पूर्ण काढाव्यात. जड फांदीला आधी खालून काप घ्यावा, मग थोडे पुढे वरून, आणि वजन उतरल्यावर कडेलगत अखेरचा, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत येत नाही. एका वर्षात जिवंत पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक काढू नये. आपला आंबा वारंवार छाटला गेलेला असल्याने मी त्याहूनही कमी काढायला सांगेन, आणि जुन्या फुटव्यांपैकी बळकट तेवढे राखून बाकीचे दोन-तीन हंगामांत टप्प्याटप्प्याने काढावेत. राहणाऱ्या झाडावर टोकदार खिळ्यांचे बूट घालून चढू देऊ नये, कारण त्याचे प्रत्येक पाऊल ही एक जखम असते. काढलेले तुकडे दोराने खाली सोडावेत, म्हणजे कौलेही वाचतात.

खर्चाचा आपला आक्षेप मी हलक्याने घेत नाही. दोरावर चढणारा कुशल माणूस लाकूडवाल्यापेक्षा महाग पडतो. पण लाकूडवाल्याची मजुरी लाकडातूनच निघते, म्हणून जाड फांदी तोडण्यात त्याचा फायदा असतो आणि बारीक फांद्यांकडे बघण्यात काहीच नसतो. लाकूड घरी ठेवून मजुरी रोख द्यायची एवढे ठरवले तरी पुष्कळ फरक पडतो, मग माणूस गावातला साधा चढणारा का असेना; कुठे कापायचे ते आपण खाली उभे राहून दाखवू शकता.

आपण ज्याचा उल्लेख केलेला नाही ती गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे मुळे. वादळात मुळांसकट आडवी होणारी झाडे पुष्कळदा एका बाजूची मुळे तुटलेली असतात: फरशी, गटार, कुंपणाचा पाया, पाण्याची टाकी यांसाठी कोणीतरी ती छाटलेली असतात. अंगणात बुंध्यापर्यंत फरशी असेल तर आधी तेवढा भाग मोकळा करून पाचोळा पसरावा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 साली दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. घरी याहून अधिक जागा देता आली तर उत्तमच. पावसाळ्यात बुंध्याशी भूछत्रे उगवली, किंवा एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसली, तर फांद्यांचा विचार सोडून लगेच जाणकाराला बोलवावे. अशा वेळी झाड पूर्ण काढावे लागले तर त्यालाही माझा विरोध नाही.

झाड आपल्या आवारात असले तरी महाराष्ट्राचा 1975चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा शहरी हद्दीत त्याला लागू आहे, आणि 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरील झाड वारसा वृक्ष ठरते. त्यामुळे महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज आधी करावा. मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात, म्हणून सध्या फक्त वाळलेल्या आणि चिरलेल्या फांद्या उतरवाव्यात. उरलेल्या कामासाठी पावसाळा सरल्यानंतरचे दिवस धरावेत. छपरावरची फांदी कुठे जोडलेली आहे त्या बेचक्याचे छायाचित्र पाठवलेत, तर ती नेमकी कोणत्या उपफांदीपर्यंत आखूड करावी हे मला सांगता येईल.